मुदतीवर दिलेली दुसरी प्रत

आमच्या ग्रंथालयात सदतीस वर्षे तालिकाकार म्हणून काम केलेल्या आणि ‘एकजागी’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या माझ्या सहकाऱ्याचा जन्म १९४४ सालचा. निधन नोव्हेंबर २०२३. सेवापुस्तकातील पूर्ण नावाने त्यांना फारसे कोणी हाक मारीत नसे. ‘एकजागी’ हे नाव शिपायांनी दिले, आणि ते इतके चपखल बसले की पुढे खुद्द ग्रंथपालही तेच वापरू लागले. नव्या पुस्तकाला क्रमांक देऊन त्याचे कपाट आणि फळी ठरविणे हे तालिकाकाराचे काम. “एका पुस्तकाला एक जागा” हे त्यांचे वाक्य दिवसातून दहादा कानी पडे. एखाद्या पुस्तकाची दुसरी प्रत आली की त्यांच्या कपाळाला आठी पडलीच. मी देवघेव विभागात, म्हणजे वाचकांना मुदतीवर पुस्तके देण्याच्या खिडकीवर होतो. ते पुस्तके जागेवर बसवीत आणि मी ती उठवून बाहेर धाडी. आमची मैत्री या भांडणावरच पोसली.

त्यांच्या पत्नीला घरभर चिठ्ठ्या लिहून ठेवण्याची सवय होती. अखेरच्या दोन वर्षांत हाताला कंप सुटला, अक्षर लागेनासे झाले, तेव्हा त्या मोबाइलमध्ये बोलून ठेवू लागल्या. दुपारी आडवे होण्यापूर्वी निरोप नोंदवायचा आणि मोबाइल जेवणाच्या टेबलावर ठेवून द्यायचा, अशी रीत पडली. त्या गेल्या तेव्हा त्यात चारशे बारा निरोप होते. दूध उतू जाऊ देऊ नका. निळ्या शर्टाची वरची गुंडी कुठे घालवलीत. गोळी जेवणानंतरची आहे, आधीची नव्हे. एकुलती एक मुलगी परदेशी. घरात त्या निरोपांखेरीज दुसरा आवाज उरला नाही.

वर्षभराने त्या मोबाइलची बॅटरी फुगली आणि पाठीचे झाकण वर आले. एकजागींनी मला फोन केला. “अहो, हिचा मोबाइल फुगलाय. येता का?”

निरोप दुसरीकडे उतरवून घ्यायला आम्ही संगणक दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान चालविणाऱ्या बाईंनी काडेपेटीहून थोडी मोठी, चपटी एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची ड्राइव्ह, टेबलावर ठेवली.

“काका, ह्यात फिरणारं काही नसतं. जुन्या हार्ड डिस्कसारखी जरा धक्का लागला की रुसत नाही. पण म्हणून पाडून बघू नका.”

“नाही पाडणार,” एकजागी गंभीरपणे म्हणाले.

“फॉरमॅट कशी करू? मुलीचा लॅपटॉप वेगळा असेल तर दोन्हीकडे चालेल अशी करते. आत्ताच सांगा. नंतर बदलायचं तर आतलं सगळं पुसावं लागतं.”

“माझ्याच यंत्रापुरती करा. ती कुठे जायची नाही.”

“आणि बॅकअप? आणखी एका ड्राइव्हवर?”

“दुसरी प्रत म्हणजे गोंधळ.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले.

चार दिवस बसून एकजागींनी चारशे बारा निरोप ड्राइव्हवर उतरले की नाही ते एकेक ऐकून ताडून पाहिले, आणि मग मोबाइलमधले सगळे पुसून टाकले. मला हे कळले तेव्हा व्हायचे ते होऊन गेले होते. निरोपांचे त्यांनी वर्ग पाडले: स्वयंपाकघर, औषधे, दुरुस्त्या, माणसे, तक्रारी. तक्रारींचा वर्ग सर्वांत मोठा भरला आणि त्याला पोटवर्ग पाडावे लागले.

ड्राइव्हची निगा त्यांनी ज्या काटेकोरपणाने राखली तो पाहून मीही, जो स्वतःस व्यवस्थित समजतो, ओशाळलो. ती चष्म्याच्या जुन्या डबीत, उन्हापासून दूर, लोखंडी कपाटाच्या मधल्या खणात असे. केबल घट्ट गुंडाळून तिच्याच शेजारी बसविलेली. काढताना आधी संगणकाची परवानगी घ्यायची, पडद्यावर ‘आता काढता येईल’ असे आले तरी वीस अंक मोजायचे, मगच हात लावायचा. एसएसडी फार काळ विजेविना ठेवू नये, चार-सहा महिन्यांतून एकदा जोडावी, असे बाईंनी सांगितले होते. यांनी दर महिन्याची दोन तारीख मुक्रर केली, संध्याकाळी पाच ते साडेपाच, आणि वहीत नोंद. अधिक वेळा जोडायला हरकत नव्हती. परंतु नियम म्हणजे नियम.

त्या अर्ध्या तासाला पुष्कळदा मीही असे. एकदा दुरुस्त्यांचा वर्ग लागला होता. “अहो, स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लागत नाही. सुताराला बोलवा. हे मी तिसऱ्यांदा सांगते आहे.”

“केली का हो दुरुस्त?” मी विचारले.

“नाही.”

“इतकी वर्षं?”

“केली तर नोंद निकालात निघेल.” एवढे बोलून त्यांनी पुढचा निरोप लावला.

मुलीचा फोन दर रविवारी येई. एका रविवारी मी तेथेच होतो.

“बाबा, आईचे निरोप मलाही पाठवा ना. दोन मिनिटांचं काम आहे.”

“ते संदर्भ विभागात आहेत. बाहेर दिले जात नाहीत. इथे बसून ऐकावे लागतात.”

“बाबा, मी वाचक नाहीये. मुलगी आहे.”

“वेळेचं बंधन तुला शिथिल करू.”

ती हसली. मग हसणे थांबले. “म्हणजे मी यायचं.”

“मी तसं म्हटलं नाही.”

“तसंच म्हटलंत.”

त्या वर्षी तिला रजा मिळाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. निरोप फळीवरच राहिले.

२०२३ च्या फेब्रुवारीच्या दोन तारखेस, पाच वाजून दहा मिनिटांनी, ते माझ्या दारात उभे होते. चष्म्याची डबी दोन्ही हातांत धरलेली.

“ड्राइव्हचा दिवा लागत नाही,” ते म्हणाले.

दुकान तीन दिवस बंद होते. ते तीन दिवस त्यांनी बहुतेक माझ्याकडे खुर्चीत बसून काढले. तिसऱ्या दिवशी, मी काही विचारले नसताना, म्हणाले, “शब्द सगळे पाठ आहेत. कोणत्याही क्रमांकाचा विचारा. पण आवाज आठवत नाही. बसून पाहिलं, नाही येत.”

दुकान उघडताच गेलो. बाईंनी ड्राइव्ह उलटसुलट पाहिली आणि खणातून दुसरी केबल काढून जोडली. दिवा लागला. तक्रारींचा वर्ग पडद्यावर आला तसे एकजागी स्टुलावर बसले.

“वायर गेलीय काका, इथे टोकाशी. किती घट्ट गुंडाळता! सैल ठेवा जरा तिला.” मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून बाईंनी आवाज उतरविला. “आज वायर होती. उद्या हीच गेली तर मी काय करू?”

एकजागींनी जुनी केबल उलगडून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “आणखी एक द्या. दोन्हीकडे चालेल अशी फॉरमॅट करून.”

प्रत तयार झाली. मार्चच्या दोन तारखेस ते ती घेऊन माझ्याकडे आले. ड्राइव्हच्या पिशवीत ग्रंथालयातल्यासारखा एक कागदी खिसा चिकटविला होता आणि त्यात स्वहस्ते आखलेले देय दिनांकाचे कार्ड. निवृत्तीच्या वेळी माझा जुना तारखेचा शिक्का मला भेट मिळाला होता, हे त्यांच्या लक्षात होते.

“देवघेव तुमची. शिक्का तुम्ही मारा.”

“मुदत? नियमाने पंधरा दिवस.”

“पंधरा दिवसांत तिला जमायचं नाही. वर्ष घाला.” मी शिक्का फिरवीत असता ते पुढे म्हणाले, “आणि खाली लिहा, परत करावयास वाचकाने समक्ष यावे. टपालाने स्वीकारले जाणार नाही.”

पार्सल पोहोचल्यावर मुलीचा फोन आला तो नेहमीपेक्षा लांबला. ती रडत होती की हसत होती, हे मला दुरून कळले नाही. शेवटचे एवढे ऐकू आले: “उशीर झाला तर दंड किती?”

“दंड नाही,” ते म्हणाले. “तू ये.”

नोव्हेंबरात एका दुपारी ते झोपेतच गेले. मुलगी आली, चार दिवस राहिली आणि परतली. येणे-जाणे सगळेच धावपळीत. ड्राइव्ह तिकडेच राहून गेली होती.

२ मार्च २०२४ रोजी सकाळी माझ्या दाराची घंटा वाजली. ती उभी होती, हातात ती पिशवी.

“काका, आज तारीख आहे. परत कुणाकडे द्यायचं?”

मी कार्ड पाहिले. शिक्का मेजावरच होता. त्याखाली पुढील वर्षाची तारीख उमटविली आणि पिशवी तिला परत दिली. तिने कार्ड वाचले, घडी न घालता खिशात सरकविले.

मूळ ड्राइव्ह माझ्याकडे आहे. दोन तारखेस मी ती अर्धा तास जोडतो आणि त्यांच्याच वहीत पुढची नोंद करतो. केबल सैल ठेवतो. मुलीने घर विकलेले नाही. किल्ली माझ्याकडे असते. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी लागत नाही, म्हणून ती सुतळीने बांधली आहे. सुताराला बोलावलेले नाही.