क्लचचं रबर

बाबा गेल्यावर चार महिन्यांनी आम्ही त्यांची पिकअप विकायला काढली. घराशेजारच्या ज्या रिकाम्या प्लॉटवर ती सात वर्षं उभी होती, त्याच्या मालकाला तिथं बांधकाम सुरू करायचं होतं. आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या गल्लीत ती उभी केली असती, तर शेजाऱ्यांना भिंतीला पाठ घासत जावं लागलं असतं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुले जसं वाटते तसं कर."

गाडी नऊ वर्षांची, पण मीटरवर फक्त तेवीस हजार चारशे किलोमीटर. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी ती नवी घेतली होती. पहाटे अभनपूरला जायचं, भाजी भरायची, रायपूरच्या बाजारात उतरवायची आणि दहाच्या आत घरी येऊन आंघोळ. रेल्वेतला माणूस भाजी वाहतो म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, आणि खरं सांगायचं तर मीही मुरडलं. बाबा मात्र त्या दिवसांत जितके खूश होते, तितके नोकरीत कधीच नव्हते. दीड वर्षानं त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि गाडी उभी राहिली ती राहिलीच.

जुनी असली तरी इतकी कमी चाललेली गाडी, भाव बरा येईल असा माझा अंदाज होता. कुणीतरी शहराबाहेरच्या उरल्याकडचा गाड्यांचा एक दलाल पाठवला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं बॉनेट उघडलं, खाली वाकून चॅसी पाहिली, टायरवर कोरलेले उत्पादनाच्या तारखेचे आकडे वाचले. टायर गाडीबरोबर आले तेच होते, उभ्या उभ्या तडकलेले. "अच्छी रखी है, दीदी," तो म्हणाला. मी मनातल्या मनात किंमत वाढवली. मग त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं, पायाशी बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ तिथंच वाकून राहिला.

"मीटर पीछे किया है किसी ने," बाहेर येत तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सर्व्हिसिंगचं पुस्तक त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते उघडलंही नाही, नुसतं मला जवळ बोलावून तीन पेडल दाखवले. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या रबरावरच्या रेघा शाबूत होत्या. क्लचचं रबर मात्र पार गुळगुळीत झालेलं, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात तर आतलं लोखंड दिसत होतं. तेवीस हजारांत रबर असं झिजत नाही, असं त्याचं म्हणणं. गाडी लाखभर तरी चालली असणार, मीटर मागे फिरवला, दोन पेडलांना नवी रबरं बसवली आणि तिसरं विसरले. असली चलाखी आपण रोज बघतो, म्हणाला, आणि त्यानं साठ हजार कमी सांगितले.

पैशाचं जाऊ दे. एकदा भाजीचं एक पोतं जास्त आलं, तर ते परत करायला बाबा पुन्हा अभनपूरला जाऊन आले होते. अशा माणसाला मेल्यावर कुणी लबाड म्हणावं, हे मला सहन होईना. मी त्या दलालाला नाही नाही ते बोलले. पण बोलता बोलता माझ्याच मनात पाल चुकचुकली. मी ऑफिसात असताना बाबांनी गाडी कुणाला चालवायला तर दिली नव्हती? मी आईकडे वळून तेच विचारलं.

आई पायरीवर बसली होती. "कोणाले नाही दिली," ती म्हणाली. "ते सोताच बसत होते गाडीत."

"कधी?"

"रोज. तू हापिसात गेली का मी त्यायले धरून नेत होती. डावा पाय हातानं उचलून ठेवत अन् दाबत बसत. शंभर डाव. म्हणत, एवढा क्लच दाबता आला पाह्यजे, मंग अभनपूर काही दूर नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"गाडीचं नाव काढलं का तू चिडत होती. मंग कोण सांगन?"

आजाराच्या दुसऱ्याच वर्षी व्यायाम करून घेणाऱ्या माणसाला मी येऊ नका म्हणून सांगितलं होतं. बाबांसमोरच मी म्हणाले होते, की ह्यांनाच बरं व्हायचं नाही, तर तुम्ही तरी काय करणार. त्यानंतरही कितीतरी वेळा मी त्यांना आळशी म्हटलं, हट्टी म्हटलं. आणि हा माणूस रोज माझी पाठ वळली की जाऊन लोखंड लागेपर्यंत रबर झिजवत होता. मला त्या दलालासमोर रडू फुटलं.

आईचं बोलणं त्याला कितपत कळलं कोण जाणे. "बायाँ पैर था?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. तो पुन्हा गाडीत वाकला, झिजलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "हव. पैर घसीट के रखते होंगे," म्हणाला, "मीटर सही है. टायर भी तो पहले वाले ही हैं." साठ हजार त्यानं परत वाढवले. मी हो म्हणाले. बाबा खरे ठरले होते, पण मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

तो गेल्यावर मी आईला विचारलं, "कधी दाबता आला का पुरा?"

"आला ना. दिवाळीच्या आधी. तीन डाव पार खाली टेकला. तुले सांगाचं म्हणून त्या दिवशी संध्याकाळी दारातच खुर्ची टाकून बसले होते."

ती संध्याकाळ मला आठवते. ऑफिसात कुणाशी तरी वाजलं होतं, त्याच तिरीमिरीत मी घरी आले. दारात वाट अडवून बाबा बसलेले. हसत होते. आजारपणानंतर त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा. ते "आज ना," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, आधी आत तर येऊ द्या," आणि खुर्ची त्यांच्यासकट बाजूला सरकवून आत गेले. नंतर ते काय सांगत होते हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा सांगितलं नाही.