बंद बहिणींचं चर्च

बडनेऱ्याजवळ आमचं फुलांचं शेत आहे. गुलछडी, शेवंती, झेंडू. माझी माय दर शनिवारी गुलछडीचा भारा घेऊन अमरावतीच्या कडेला असलेल्या एका मठात जायची, आणि शाळेला सुट्टी असली की मीही तिच्यासोबत. चर्चला लागून, उंच भिंतीआड हा साध्वींचा मठ. त्या एकदा आत गेल्या की सहसा जन्मभर बाहेर येत नाहीत. प्रार्थना, शिवणकाम आणि आतली बाग, एवढंच त्यांचं जग. आमच्याकडचे लोक त्यांना ‘बंद बहिणी’ म्हणतात.

मठाच्या ओसरीत, भिंतीतच बसवलेलं एक गोल लाकडी कपाट आहे. ते खुंटावर फिरतं. माय त्यात फुलं ठेवायची आणि घंटीची दोरी ओढायची. आतून कोणीतरी कपाट फिरवायचं, फुलं आत जायची, रिकामी टोपली बाहेर यायची. देणाऱ्याला घेणारा दिसू नये अशीच त्याची घडण. आपल्यापर्यंत यायचा तो फक्त आवाज.

तो आवाज एका सिस्टरचा होता. त्या तरुणपणी केरळातून आल्या, तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. मठात आपसात बोलणं इंग्रजीत. पण त्यांना या कपाटापाशी बसायचं काम मिळालं, आणि मराठी त्या शिकल्या माझ्या मायकडून. त्यामुळे भिंतीपलीकडून यायची ती चोख वऱ्हाडी.

“काहून उशीर केला वो बाई?”

“बस पंक्चर झाली न. तुमी काहून खोकून राहिल्या?”

“थंडी धरली मले.”

“अद्रकाचा काढा घ्या. जास्त वेळ गार पाण्यात हात घालू नका.”

अशी त्यांची मैत्री. माझा जन्म, माझे वडील गेले ते, माझं लग्न, सगळं त्या कपाटातून आत पोचलं. माय रडली तेही तिथेच, लाकडाला डोकं टेकवून. पलीकडे सिस्टरच्या जपमाळेचे मणी वाजत राहिले, त्या उठून गेल्या नाहीत, असं माय सांगते.

मी इंजिनियर झाले. जुन्या दगडी बांधकामांची दुरुस्ती हे माझं काम, राहते अकोल्याला. बार्शीटाकळीकडे एका जुन्या देवळाच्या छताचं काम चाललं होतं तेव्हा मायचा फोन आला. “सिस्टर म्हणे चर्चच्या भिंतीले भेग पडली. थे लोक घाबरून राहिले. तू येऊन पाह्य न एकदा.”

मी गेले. चर्चच्या फादरांनी मोठा दरवाजा उघडला आणि मी पायरीवरच थबकले. लहानपणी मी हा दर्शनी भाग कितीदा पाहिला होता. पण तेव्हा तो नुसता पांढरा, उंच आणि परका वाटायचा. आता कळत होतं की ही बरोक शैली आहे, युरोपात सतराव्या शतकात बहरलेली, गोव्यापर्यंत पोचलेली. भिंत सरळ नाहीच. लाटेसारखी पुढे येते, मागे जाते, आणि वर दोन्ही बाजूंनी शंखासारखी वळणं घेत मधल्या कमानीला येऊन मिळते. एवढा काळा दगड, पण चुन्याच्या गिलाव्याखाली तो हलका होऊन गेलेला.

फादरांनी सांगितलं, इंग्रजांच्या काळात, वऱ्हाडात कापसाची चलती असताना, एका युरोपीय पाद्र्यानं हे चर्च बांधलं. आपल्या गावाकडच्या चर्चची आठवण हाच त्याचा नकाशा. साध्वी नंतर आल्या आणि मठ चर्चला जोडला गेला. बांधणारे हात मात्र इथलेच होते, देवळं आणि गढ्या बांधणाऱ्या गवंड्यांचे. ते दिसतंच. वेदीच्या दोन्ही बाजूंना सागवानी खांब आहेत, दोरासारखे पिळलेले. अशा खांबांवर युरोपात द्राक्षाचे वेल असतात. इथल्या सुतारानं कापसाची बोंडं कोरली आहेत, काही मिटलेली, काही फुटून कापूस बाहेर आलेली. मी हात लावून पाहिला. पाकळ्यांची टोकं अजून बोचतात.

वेदीच्या उजव्या हाताला भिंतभर लोखंडी जाळी आहे. तिच्यामागे काटकोनात दुसरा लांब दालनवजा भाग, साध्वींचा. लोक इकडे, त्या तिकडे, प्रार्थना एकच. भेग नेमकी या दोन्हींच्या सांध्यावर होती. म्हणजे मला आत जाणं भाग होतं.

वरून परवानगी आली. मठाच्या दारात एक वयस्क साध्वी हातघंटी घेऊन उभी होती. ती पुढे घंटी वाजवत चालली, म्हणजे बाकीच्यांनी आपापल्या खोल्यांत जावं. चौकोनी अंगण, चारी बाजूंनी कमानींची ओसरी, मधे विहीर. बाहेरच्या दर्शनी भागातला डौल इथे कुठेच नाही. पांढऱ्या भिंती, शहाबादी फरशी. ओसरीतली फरशी मधोमध झिजून किंचित खोलगट झाली आहे, रोज त्याच वाटेनं प्रार्थनेला जाणाऱ्या पावलांनी.

भेगेचं कारण सापडायला दोन फेऱ्या लागल्या. पाया खाली मुरमापर्यंत नेलेला होता, त्यात खोट नव्हती. पण बाहेरचा रस्ता दरवर्षी उंच होत गेला आणि पावसाचं पाणी मठाच्या भिंतीशी साचायला लागलं. आमची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. फुगताना ती भिंतीला ढकलत होती. त्यात मागे कोणीतरी भेगेवर सिमेंट लिंपून ठेवलं होतं. ओल आतच अडकली होती.

आम्ही भिंतीलगत चर खोदून काळी माती काढली, मुरूम आणि वाळू भरली, पाण्याला उतार करून दिला. सिमेंट खरवडलं आणि भेग चुन्यानं शिवली. मग तिच्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकणार.

एका दुपारी मी वेदीसमोरच्या बांबूच्या परांचीवर चढून मापं घेत होते. ऊन कललं आणि अचानक वेदी उजळली. बोंडं सोन्याची झाली. उजेड कुठून येतो ते काही दिसेना. घुमटाच्या मागे, खालून नजरेला येणार नाही अशी एक खिडकी ठेवलेली आहे, हे आणखी वर चढल्यावर कळलं. मी मोजमापाची टेप तशीच हातात धरून बसून राहिले.

पावसाळा गेला. काचा पाहायला मी मायला घेऊनच गेले. एकही तडकली नव्हती. मठाच्या मुख्य मदरना ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या आईला भेटीच्या खोलीत आणा.”

या खोलीतही मधे जाळी, आणि तिच्यामागे काळा पडदा. आम्ही बसलो. पडदा सरकला. पलीकडे एक ठेंगणी, गोल चष्म्याची म्हातारी उभी होती.

“तुमी त केवढ्याशाच हा सिस्टर!” माय म्हणाली. “मले वाटे, चांगल्या उंच असान.”

“अन् मले वाटे तुमी जाड्या असान,” सिस्टर म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचा चष्मा भिजला.

जाळीच्या भोकातून दोघींची बोटं एकमेकींना लागली. मग बोलणं नेहमीसारखंच सुरू झालं. गुडघे, शेवंतीवरची कीड, या साली गुलछडी लहान का आली. मी मोबाइल काढला आणि जाळीला टेकवून चर्चच्या दर्शनी भागाचे फोटो दाखवले. सिस्टर डोळे बारीक करून पाहत राहिल्या.

“हे कोनतं चर्च व्हय?”

“हेच. तुमचंच.”

“मी आली तवा अंधार पडला होता,” त्या हळूच म्हणाल्या. “दारातून सरळ आत. मंग पाहाचं राहूनच गेलं.” त्यांनी एकेक वळण बोटानं गिरवत खालपासून वरपर्यंत नेलं. “किती सुंदर हाये वो बाई.”

प्रार्थनेची घंटा झाली. बोलणं अर्धवट टाकून सिस्टर उठल्या आणि पडदा ओढला गेला. आम्ही चर्चमध्ये जाऊन बाकावर बसलो. जाळीआडून साध्वींचं गाणं सुरू झालं. घुमटानं ते उचललं आणि सगळीकडे सारखं वाटून दिलं. माय डोळे मिटून ऐकत होती. थोड्या वेळानं माझ्याकडे झुकून म्हणाली, “यातला कोनता आवाज तिचा, थो मले कळते.”