राइट-इनची जागा

आमची बटालियन तेव्हा उत्तरेला बर्फात होती. मी लान्स नायक, सिग्नलचा माणूस, आणि बटालियनच्या हॉकी टीममध्ये बारावा. बारावा म्हणजे काय, हे तुम्हा सिव्हिलियन लोकांना सांगायला पाहिजे. फौजेत जो टीममध्ये खेळतो त्याला बाकीची ड्युटी माफ असते. गार्ड नाही, फटीगची अंगमेहनत नाही, रेशन वाहणं नाही. वर दूध आणि अंडी वेगळी. ही चैन अकरा जणांना. बाराव्याने पहाटे टीमबरोबर पळायचं, लंगरच्या लाइनीत उभं राहून सगळ्यांसारखी पुरी-भाजी खायची आणि रेडिओ सेट पाठीला बांधून ड्युटीवर निघायचं.

हॉकीत खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येतात. नियमच आहे. आमचे कोच सुभेदार मोहिते साहेब बदलत नव्हते. "खेळतोय त्याला खेळू दे," एवढंच म्हणायचे. डिफेन्समध्ये भगदाड पडलंय, पेनल्टी कॉर्नरवर एकच डाव सतरा वेळा फसतोय, तरी साहेब कमरेवर हात ठेवून गप्प उभे. मी बाकावरून ओरडायचो. पोरं म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं." अरे, पण नाचायला अंगणात उतरू तर द्या!

माझी जागा राइट-इनची, पुढच्या फळीत उजवीकडून दुसरी. आमच्या गावच्या, कोरीटच्या शाळेपासून मी तिथंच खेळलो. वडिलांनी कापूस विकून मला नंदुरबारहून खरी स्टिक आणून दिली होती. आणि त्या जागेवर खेळत होता वेस्ता पावरा. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यातला, सर्व्हिसमध्ये मला ज्युनियर. फौजेत येईपर्यंत त्याने हॉकीची स्टिक हातात धरली नव्हती. त्याच्याकडे पोरं वाकडी फांदी घेऊन बांबूच्या मुळाचा चेंडू खेळायची, तेही डोंगराच्या उतारावर. चेंडू सुटला तर थेट दरीत जायचा आणि ज्याच्याकडून सुटला त्यानेच उतरून आणायचा. त्यामुळे वेस्ताकडून चेंडू सुटतच नव्हता. चिकटल्यासारखा राहायचा स्टिकला. हे आज कबूल करतो. तेव्हा विचारलं असतं तर म्हणालो असतो, नशीब आहे साल्याचं.

जिल्हा एक म्हणून तो मला दादा म्हणायचा. धडगावच्या बाजारात शिकलेली मोडकी अहिराणी माझ्याशी बोलायचा. त्याचंही मला बरं वाटत नव्हतं. सकाळी स्वतःच्या मगातलं अर्धं दूध माझ्यासमोर धरायचा.

"ले ना दादा."

"मन्हाकडे चहा शे," मी म्हणायचो. दुधाकडे बघायचोसुद्धा नाही. तो हसून पिऊन टाकायचा आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

डिव्हिजनची टूर्नामेंट महिन्यावर आली. साहेबांनी फॉल-इनमध्ये लाइन-अप वाचला. राइट-इन, वेस्ता पावरा. बाराव्या नंबरावर मी. मी संध्याकाळी साहेबांच्या टेंटमध्ये गेलो.

"साहेब, माझ्यात काय कमी आहे?"

"काही नाही."

"मग?"

"त्याच्यात जास्त आहे. जा, झोप."

त्या आठवड्यात मला रेशन पार्टीबरोबर वरच्या पोस्टवर जायचं होतं. दुपारच्या उन्हात बर्फ सुटतो, म्हणून पार्टी सकाळीच परत यायची. त्या दिवशी वर धुकं बसलं आणि आम्हाला उशीर झाला. आम्ही चौघं होतो. नाला ओलांडताना तिघं पार झाले. मी शेवटचा. डाव्या बाजूने बर्फ आला आणि मी छातीपर्यंत गाडला गेलो. उजवा हात मोकळा होता, हँडसेट हातात होता.

"कंट्रोल, पार्टी टू. नाले में स्लाइड. मैं दबा हूं. बाकी तीन ठीक. ओवर."

"पार्टी टू, हिलना मत. आदमी आ रहे हैं. ओवर."

"जल्दी करो. ओवर."

तिघांना माझ्याकडे येता येईना. पाय टाकला की उतार सरकत होता. खाली हेलिपॅडवर टीमची प्रॅक्टिस चालू होती, सगळ्यांत जवळ तीच माणसं होती. मोहिते साहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं, पहिला वेस्ता, बाकीचे त्याच्या मागे रस्सी धरून. डोंगरात वाढलेला गडी, उतारावर त्याचा पाय हलका पडायचा. मी गाडलेल्या जागेवरून बघत होतो. तो स्टिक हातात घेऊनच येत होता, बर्फात टोचून बघत, मग पाय टाकत. छातीवर बर्फ, श्वास अर्धा, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? इथंपण हाच पुढे!

"तू कसाले उना?" मी विचारलं. "तुले ड्युटी माफ शे ना?"

"साहेबनी सांगं. हात दे, दादा."

स्टिकने त्याने माझ्याभोवतीचा बर्फ उकरला. सेटचा पट्टा चाकूने कापला. मला काखेत धरून ओढून काढलं, कमरेला रस्सी बांधली आणि पलीकडे रस्सी धरून थांबलेल्यांना हात केला. त्यांनी मला ओढून घेतलं. रस्सी सोडून परत त्याच्याकडे टाकायची होती. माझी बोटं बधिर झालेली, गाठ दुसऱ्याने सोडली. तेवढ्यात वर आवाज झाला. फार मोठा नव्हता. पोत्यातून ज्वारी ओतताना होतो तेवढाच. मी वळून बघितलं तर नाल्यात कोणी नव्हतं.

"वेस्ता!" मी ओरडलो. टीमच्या मागे आलेल्या साहेबांनी माझ्या तोंडावर हात दाबला. ओरडल्याने आणखी बर्फ सुटतो, असं आमच्यात मानायचे.

अंधार पडायच्या आत तो सापडला. स्टिक हातातच होती.

टूर्नामेंटला टीम पाठवायची की नाही, यावर सीओ साहेबांनी मोहिते साहेबांना विचारलं. ते म्हणाले, टीम जाईल. बर्फाखाली मुरगळलेला माझा पाय तोवर बरा झाला होता. सगळी बटालियन धरून चालली होती की आता राइट-इन मी. लाज वाटते की नाही ते सोडा, मी स्टिकला नवी ग्रिप चढवली होती.

मॅचच्या सकाळी साहेबांनी लाइन-अप वाचला. राइट-इन, वेस्ता पावरा. कोणी मान वर केली नाही. मग बाकीची नावं वाचून झाली आणि शेवटी बारावा, मी. दहा जण मैदानात उतरले. वाटलं, पाच मिनिटं मान देतील आणि मला बोलावतील. पहिला क्वार्टर गेला. हाफ टाइम गेला. आमची दहा पोरं जीव तोडून पळत होती आणि उजव्या बाजूला ती मोकळी जागा. एका गोलने हरलो.

मी साहेबांसमोर जाऊन उभा राहिलो. सॅल्यूटसुद्धा केला नाही.

"मी होतो ना साहेब! बाकावर जिवंत माणूस बसला होता!"

साहेब बुटाची लेस सोडत होते. सोडतच राहिले.

"पहिला वेस्ता, असं मीच म्हणालो होतो रे," ते म्हणाले. "आता त्याला काढू कसा?"

मी तसाच बाहेर आलो. त्या दिवशी त्यांना मनात दिलेल्या शिव्या इथं लिहिता येत नाहीत.

आता मी पेन्शनवर आहे, कोरीटला. टीव्हीवर मॅच लागली की कोचच्या नावाने अजून ओरडतो, बायको आवाज कमी करून जाते. वर्षातून एकदा मोलगीच्या पलीकडे, वेस्ताच्या पाड्याजवळच्या शेतात, पीक निघाल्यावर मॅच होते. एका बाजूला तिथली टीम, दुसऱ्या बाजूला आमची, तालुक्याची. आमच्या टीमचा कोच मी. वेस्ताची आई बांधावर येऊन बसते. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. मी लाइन-अप मोठ्याने वाचतो. राइट-इन, वेस्ता पावरा. म्हातारी हात वर करते. तिला हे कोणी शिकवलेलं नाही.

मग आमचे दहा जण उतरतात. आमच्याकडची माणसं जीप करून मॅच बघायला आलेली असतात, ती बाहेरून ओरडतात, "ओ कोच, अकरावा कोठे शे? हारी जासूत ना!" आम्ही बहुतेक वेळा हरतोच. मी स्टिक मांडीवर घेऊन बाहेर बसून राहतो. मला अजून पळता येतं, अजून खेळता येतं. पण जागा त्याची आहे. साल्याने मला ती कधीच दिली नाही.