फिरायला म्हणजे कुठे

गावात सकाळी फिरायला निघालं की समोरून येणारा प्रत्येक जण विचारतो, "कुठे निघालात?" "फिरायला," म्हटलं की तो थांबून आमच्याकडे काळजीने बघतो. "ते कळलं हो. पण कुठे?"

निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात मी आणि बायको आठवडाभर कोकणातल्या आमच्या छोट्या घरी येतो. शहरात उगाच चालणारा माणूस तब्येतीला जपणारा ठरतो. इथे त्याचं घरात भांडण झालंय असं समजतात. शेजारच्या काकूंनी हिला बाजूला घेऊन विचारलंच, "भाऊंचं काही बिनसलंय का?"

तेव्हापासून ही हातात रिकामी पिशवी घेऊन निघते. पिशवी दिसली की लोक निश्चिंत होतात. पण रिकामी पिशवीही इथे कोणाला बघवत नाही. कुणी त्यात आंबे टाकतं, कुणी फणसाचे गरे. सकाळी चालून उतरवलेलं वजन आम्ही दुपारी जेवून परत चढवतो.

यंदा हिने हौसेने अंगणात मोगरा लावला आणि आपण गेल्यावर त्याला पाणी कोण घालणार, या काळजीत उरलेला आठवडा घालवला.

निघायच्या सकाळी बॅगा घेऊन अंगणात आलो, तर काकू झारीने मोगऱ्याला पाणी घालत होत्या. मी एसटीची वेळ सांगणार, एवढ्यात बॅगांकडे एक नजर टाकून त्याच म्हणाल्या, "फिरायला ना? या जाऊन."