चकारबाईंनी राखलेला 'च'

मराठीत 'च' फुकट मिळतो. पण विद्यापीठाच्या आमच्या वाङ्मयीन त्रैमासिकात तो चकारबाईंकडून मागून घ्यावा लागे. बाई मराठी शिकवत आणि त्रैमासिकाचं संपादन करत. आमच्या लेखांतले 'फारच', 'खरोखरच' त्या लाल पेन्सिलीनं तांदळातल्या खड्यांसारखे वेचून काढत. "मुद्दा लंगडा असला की माणूस 'च'ची काठी घेतो," म्हणत. 'चकारबाई' हे नाव आम्ही पाठीमागे ठेवलेलं; समोर चकार शब्द काढायची कुणाची छाती नव्हती.

संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी लालबागच्या आमच्या चाळीवर लेख लिहिला. बाईंनी त्यातले झाडून सगळे 'च' उडवले. लेखाच्या शेवटी मोर्चाहून परतलेली माझी आई म्हणते, "मुंबय आमचीच!" तिथं पेन्सिल थांबली.

"हा ठेवला, बाई?"

"ही काठी नाही रे, हा कणा आहे."

अंक छापायला जाण्यापूर्वी विभागप्रमुख वाचत. भला माणूस, पण वरच्यांना भिणारा. त्यांनी बाईंबरोबर मलाही बोलावलं.

"'मुंबई आमची' चालेल. 'आमचीच' म्हटलं की भांडण होतं. तुम्ही तर 'च'च्या वैरीण! एवढं अक्षर काढा, नाहीतर संपादक बदलावा लागेल."

त्रैमासिक म्हणजे बाईंचा जीव. मी घाबरून म्हणालो, "काढूया, बाई."

"तू गप्प बस. बोलणं तुझ्या आईचं आहे, तुझं नाही." मग प्रमुखांना म्हणाल्या, "सर, भांडण आहेच. संपादक बदला."

त्यांच्या तोंडून 'च' मी पहिल्यांदा ऐकला.

तो अंक बाईंनी विद्यापीठाचं नाव काढून परळच्या एका छापखान्यात छापून घेतला. आम्ही चाळीचाळींतून वाटला. आईला वाचता येत नव्हतं. "एका 'च'साठी बाईन संपादकी सोडल्यान? खंय आसा तो, माका दाखय," म्हणाली, आणि त्या अक्षरावर बराच वेळ बोट ठेवून बसली.

पुढे महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. त्रैमासिक नव्या संपादकांकडे चालू राहिलं. बाईंना कुणी परत बोलावलं नाही. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. मला मात्र अजून राग येतो.

बाई गेल्यानंतर विद्यापीठानं त्रैमासिकाचा इतिहास छापायला घेतला. बाईंवर लिहायचं काम माझ्याकडे आलं. सगळा मजकूर त्यांच्या शिस्तीत लिहिला, एकही 'च' न वापरता. शेवटचं वाक्य होतं, 'हे त्रैमासिक बाईंचं होतं.' वाचून पाहिलं. मग लाल पेन्सिल घेतली आणि दुरुस्त केलं: हे त्रैमासिक बाईंचंच होतं.