एकोणतीस फेब्रुवारीची अ‍ॅग्नेस

एमिल तिखोटा आमच्या गावच्या रेडिओवर रोज सकाळी आधी डुकरांचे भाव सांगायचा, मग कोण वारलं ते, आणि शेवटी ‘आजच्या दिवशी नेब्रास्कात’. टोळधाड कधी आली, कुठला पूल वाहून गेला, कुणाचा भोपळा राज्यात पहिला आला, सगळं त्याच्याकडे तारीखवार तयार. एकोणतीस फेब्रुवारी तेवढी कोरी होती. ती त्यानं स्वतःच भरली.

झालं असं, की तिकडे ओमाहा शहरात अ‍ॅग्नेस वोंद्रा नावाची कुणी म्हातारी वारली, आणि या शहाण्यानं रेडिओवर आमच्या गावच्या, त्याच नावाच्या अ‍ॅग्नेसला पोचवलं. मग डुकरांचे भाव परत एकदा वाचले आणि घरी निघून गेला.

आमच्याकडे माणूस गेलं की कुणी विचारत बसत नाही, ओव्हन पेटवतात. दुपारपर्यंत अ‍ॅग्नेसच्या ओसरीवर हॅम, नूडल्सचे ट्रे, खसखस भरलेले, कोलाची म्हणतात ते गोड पाव. दार उघडलं ते खुद्द मयतानं. बाईने सगळ्यांचे आभार मानले, एकही ट्रे परत नेऊ दिला नाही, आणि पंधरा दिवस स्वयंपाकाला हात लावला नाही. मग भांडी घासून, तळाला चिकटवलेली नावं बघून, ज्याची त्याला पोचवली.

एमिलशी मात्र बोलणं बंद. रविवारी पत्त्यांना दोघांची जोडी असायची, तीही मोडली. एमिल बिचारा तिच्यासाठी झुरायचा आणि पाद्रीबुवांना जोडीला घेऊन दर डाव हरायचा.

चार वर्षांनी तारीख परत आली. एमिलने घसा साफ केला. “आजच्या दिवशी नेब्रास्कात अ‍ॅग्नेस वोंद्रा वारली आणि दुपारी तिनेच दार उघडलं. चूक माझी होती.” मग हॅमचा ट्रे घेऊन तो तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

अ‍ॅग्नेसने दार अर्धंच उघडलं. “एवढी वर्षं लागली होय रे हॅम भाजायला?”

“चुकून नाव वाचलं गेलं, बाई. किती दिवस धरून बसशील?”

“नावाचं कोण बोलतंय? फुकटचं जेवले मी. पण सगळा गाव आला, मेल्या. जन्मभर कुंपणावरून भांडलेला शेजारीसुद्धा आला. तूच तेवढा आला नाहीस. मी गेले तर तुला काहीच नाही?”

एमिलची मान खाली गेली. “मला खरंच वाटलं तू गेलीस. घरी जाऊन तुझ्यासाठीच हॅम भाजायला ठेवलं आणि तिथंच रडत बसलो. त्याचा कोळसा झाला. संध्याकाळी कळलं तू आहेस, मग तोंड दाखवायची लाज वाटली.”

अ‍ॅग्नेसने ट्रे हातात घेऊन तळाला वाकून बघितलं.

“नाव नाही चिकटवलंस. भांडं परत कुणाला करू?”

“करू नकोस.”

तिने दार पूर्ण उघडलं. “आत ये. आणि रविवारी पाद्रीबुवांना सांग, खुर्ची रिकामी करा.”