नेहमीचा सराव करणारा गट

धुळ्याच्या आमच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघात मी दोन वर्षं राखीव म्हणून बाकावर बसून काढली. तिसरं वर्ष शेवटचं. जळगावच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एकदा तरी पहिल्या मिनिटापासून खेळायचं, एवढंच माझं मागणं होतं. नेमके त्याच वर्षी संघाला शिकवणारे आमचे सर पीएच.डी. करायला निघाले.

त्यांचा विषय होता जीव तोडून मारायच्या छोट्या धावा. तीस सेकंद पूर्ण ताकदीनं पळायचं, चार मिनिटं चालत दम घ्यायचा, पुन्हा पळायचं. आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. चिठ्ठ्या टाकून त्यांनी आमचे दोन गट केले. अर्ध्या मुली या धावा मारणार, उरलेल्यांनी फक्त नेहमीचा सराव करायचा, जास्तीचं पळायचं नाही. तुलनेसाठी कुणीतरी मागे राहायला हवं होतं. माझी चिठ्ठी मागे राहणाऱ्यांत निघाली. वर स्टॉपवॉच धरायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. दुसऱ्या मुली माझ्या डोळ्यांदेखत वेगवान होत होत्या आणि त्यांचे सेकंद मी मोजत होते. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

हॉस्टेलवरची माझी रूममेट शिंदखेड्याची, माझ्याच गटातली. ती पहाटे मागच्या रस्त्यावर चोरून त्याच धावा मारायची. मला म्हणाली, "सरले काय माहीत पडनार शे? चाल मनासंगे." मी तिच्यासोबत गेले नाही. सरांना कळलं नसतं, पण मी त्यांना शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर, तिच्यापेक्षा आपण सरळ आहोत या विचारानं मला बरंही वाटायचं.

सहा आठवड्यांनी चाचणी झाली. त्याच आकड्यांवरून सरांनी संघही निवडून टाकला, वेगळी निवड चाचणी घ्यायला त्यांना सवड नव्हती. धावा मारलेल्या बहुतेक मुली संघात आल्या. आमच्या गटातून एकटी रूममेट आली. हिचा वेग उपजतच आहे, असं सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. माझं नाव या वेळी राखीव खेळाडूंतही नव्हतं.

जाब विचारायचा म्हणून वाक्यं पाठ करून मी सरांकडे गेले. ते कॉम्प्युटरवर आकडे भरत होते, खुशीत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"तू चोरून पळाली असतीस तर माझं सगळं संशोधन वाया गेलं असतं," ते म्हणाले. "तुझ्यासारख्या प्रामाणिक मुली होत्या म्हणून जमलं."

रूममेटचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. एका वाक्यात तिची जागा गेली असती, सरांचे आकडेही गेले असते. मी ते वाक्य बोलले नाही. मनाचा मोठेपणा वगैरे काही नव्हता, मी घाबरले. चहा संपवला, उठले आणि "थँक यू, सर" म्हणाले.